चित्र त्यांचं, आवाज आपला

विश्वचषकाचा सामना लागला की बहुतेकांना वाटतं, आपण जी वाहिनी बघतोय तिचेच कॅमेरे मैदानावर असणार. तसं क्वचितच असतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं चित्र एकदाच तयार होतं आणि ते यजमान प्रक्षेपक, म्हणजे होस्ट ब्रॉडकास्टर, तयार करतो. ऑलिंपिकसाठी हे काम आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये स्थापन केलेली ओबीएस (ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस) करते. पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकासाठी २००२ पासून एचबीएस (होस्ट ब्रॉडकास्ट सर्व्हिसेस) ही कंपनी. हक्क घेतलेल्या सगळ्या वाहिन्यांना तेच चित्र मिळतं. त्याला वर्ल्ड फीड म्हणतात. समालोचन, स्टुडिओ, जाहिराती, मैदानाच्या कडेची मुलाखत हे प्रत्येक वाहिनीचं स्वतःचं. आम्ही या दुसऱ्या बाजूचे, म्हणजे आलेलं वर्ल्ड फीड घेऊन ते घराघरांत पोचवणाऱ्या तांत्रिक चमूतले. या कामातला आमचा ठाम अनुभव असा की चित्र फार क्वचित दगा देतं. दगा देतो आवाज, आणि त्याहून जास्त टॉकबॅक, म्हणजे नियंत्रण कक्ष आणि समालोचक यांची प्रेक्षकांना न ऐकू जाणारी आपसात बोलायची लाइन.

काम सुरू होतं ते स्पर्धेच्या बऱ्याच आधी, रेट कार्डपासून. यजमान प्रक्षेपक एक जाडजूड यादी पाठवतो: समालोचकाची जागा, कॅमेऱ्यासाठी ओटा, मिक्स्ड झोनमधली (सामन्यानंतर खेळाडू पत्रकारांशी बोलतात तिथली) जागा, आयबीसीमधले (सगळे सिग्नल जिथे गोळा होतात त्या केंद्रातले) चौरस मीटर, टेबल, वीज, इंटरनेट, चारतारी सर्किट (एकाच वेळी बोलता-ऐकता येणारी लाइन). प्रत्येकाला स्वतंत्र दर आणि मागणीची शेवटची तारीख. तारीख उलटली की दर वाढतो आणि चांगल्या जागा संपलेल्या असतात. नवखी मंडळी इथे कॅमेऱ्यांचा विचार आधी करतात. आमचा सल्ला उलटा: आधी समालोचकांच्या जागा मोजा, मग त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या बोलण्याच्या लाइन मोजा, आणि पैसे उरले तर स्वतःचा कॅमेरा घ्या. स्वतःचा कॅमेरा नसला तर कार्यक्रम थोडा साधा दिसतो, पण समालोचकापर्यंत लाइन नसली तर कार्यक्रमच होत नाही.

आयबीसी म्हणजे इंटरनॅशनल ब्रॉडकास्ट सेंटर. सगळ्या मैदानांचे सिग्नल तिथे गोळा होतात आणि तिथून जगभर जातात. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाला ते मॉस्कोच्या क्रोकस एक्स्पोमध्ये होतं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ल बुर्जेमध्ये. प्रदर्शनाच्या दालनात पत्र्या-फळ्यांच्या भिंती घालून वाहिन्यांना खोल्या करून देतात. खोलीत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे वीज कोणत्या फेजवर आहे आणि वातानुकूलन किती उष्णता ओढू शकतं ते पाहणं. रॅकमधली यंत्रं किती वॅट खातात त्याचा हिशोब मागणीच्या वेळीच द्यावा लागतो. तो कमी लिहिला तर चाचणीच्या दिवशी काही होत नाही, कारण तेव्हा अर्धीच यंत्रं चालू असतात. उद्घाटनाच्या दिवशी सगळं एकदम चालू होतं आणि ब्रेकर पडतो.

सामान न्यायचं तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणण्यासाठीचा सीमाशुल्काचा दस्तऐवज लागतो. त्यात प्रत्येक वस्तूचं नाव, अनुक्रमांक, वजन आणि किंमत असते. परत येताना तीच वस्तू, त्याच क्रमांकाची दाखवावी लागते, त्यामुळे बिघडलेलं यंत्र तिथे कुणाला देऊन टाकता येत नाही. कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या विमानात केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या माणशी दोनच आणि त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. म्हणूनच बाजारात ९८ वॅट-तासांच्या एवढ्या बॅटऱ्या दिसतात. वायरलेस माइक, वायरलेस कॅमेरा, वॉकीटॉकी यांच्या फ्रिक्वेन्सी आधी नोंदवायच्या असतात. मैदानाच्या दारावर तपासून यंत्रावर चिकटपट्टी लावतात; ती नसली तर यंत्र आत जात नाही. आणि हा जाच वाटला तरी तो हवाच. एका न नोंदवलेल्या माइकमुळे दुसऱ्याची अख्खी मुलाखत करकरीत होऊ शकते.

यजमानाकडे काय चालतं ते थोडक्यात. २०२२ च्या कतार विश्वचषकात प्रत्येक सामन्याला ४२ कॅमेरे होते, त्यात आठ सुपर स्लो मोशन आणि चार अल्ट्रा स्लो मोशन. प्रेक्षक बहुतांश वेळ मात्र एकाच कॅमेऱ्याचं चित्र बघतो: मैदानाच्या मध्यरेषेवर, उंचावरचा, रुंद चौकटीचा पहिला कॅमेरा. त्याच्या शेजारी दुसरा, तो खेळाडूवर घट्ट राहतो. पेनल्टी क्षेत्राच्या रेषेत दोन्हीकडे एकेक कॅमेरा ऑफसाइडसाठी. मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात, नाहीतर एका शॉटमध्ये डावीकडे धावणारा संघ पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे धावताना दिसेल. पलीकडच्या बाजूचं चित्र फक्त रिप्लेमध्ये वापरतात. रिप्ले आधी आणि नंतर स्पर्धेचं चिन्ह सर्रकन फिरतं तेही याचसाठी, की बघणाऱ्याला हे आत्ताचं की मघाचं असा प्रश्न पडू नये. प्रकाश कॅमेऱ्याच्या दिशेने मोजतात, जमिनीच्या नव्हे. अव्वल दर्जाच्या फुटबॉलला तो २००० लक्सच्या आसपास लागतो. त्यातही दिव्यांची लुकलुक हा स्लो मोशनचा जुना शत्रू. ५० हर्ट्झच्या विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाला ३०० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात गोलचा रिप्ले धडधडताना दिसतो.

आमच्याकडे यातून येतात ते बरेच सिग्नल. ग्राफिक्ससह वर्ल्ड फीड, ग्राफिक्सविना स्वच्छ फीड, मैदानाचं उंचावरून स्थिर दृश्य देणारा ब्यूटी कॅमेरा, काही ठिकाणी डावपेच दाखवणारा रुंद कॅमेरा, आणि सामन्यानंतरच्या क्लिप्स. स्वच्छ फीड घेऊन स्वतःच्या भाषेत धावफलक लावण्याचा मोह होतो. तो आवरावा, असं आमचं मत. आकडे देणारी डेटा लाइन, ती वाचणारं ग्राफिक्स यंत्र, आणि ते चुकलं तर लगेच काढणारा माणूस, एवढं सगळं असेल तरच त्या वाटेला जावं. ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत पाण्यावर सरकणारी विश्वविक्रमाची रेषा तर वेळमापनाच्या यंत्रणेशी आणि कॅमेऱ्याच्या हालचालीशी बांधलेली असते. ती बाहेरून नकलता येत नाही.

आता सिग्नल आणण्याचे मार्ग. फायबर हा पहिला मार्ग. एचडी चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) न्यायचं तर सेकंदाला १.४८५ गिगाबिट लागतात, १०८०पी५० ला (सेकंदाला ५० पूर्ण चित्रांच्या एचडीला) दुप्पट, आणि यूएचडीला (४के) सुमारे १२ गिगाबिट. खंडापलीकडे एवढं कुणी विकत घेत नाही, त्यामुळे जेपीईजी २००० किंवा जेपीईजी एक्सएसने हलकं दाबतात, किंवा एच.२६४ आणि एचईव्हीसीने जास्त दाबतात. जास्त दाबलं की बँडविड्थ वाचते आणि उशीर वाढतो. दोन फायबर मार्ग घ्यायचे असतात हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती पुढे. दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन मार्ग घेतले म्हणजे ते वेगळे झाले असं नाही, शेवटचे दोन किलोमीटर दोन्ही एकाच चरातून जाऊ शकतात आणि जेसीबी कंपनीचं नाव वाचत नाही. म्हणून करारात मार्गाचा नकाशा मागायचा आणि तो दारापासून दारापर्यंत तपासायचा. दोन्ही मार्गांवर तेच पॅकेट पाठवून पलीकडे जे आधी येईल ते घ्यायची एसएमपीटीई २०२२-७ या मानकाची पद्धत आहे. तिच्यात एक मार्ग तुटला तरी एक फ्रेमही हलत नाही. पण दोन मार्गांतला वेळेचा फरक घेणाऱ्या यंत्राच्या बफरपेक्षा (आलेले पॅकेट थोडा वेळ साठवायच्या क्षमतेपेक्षा) जास्त असेल तर ही सुरक्षा फक्त कागदावर राहते. सामन्याआधी एक मार्ग हाताने उपटून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा मार्ग उपग्रह. उपग्रहावरच्या ३६ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सपॉंडरचे, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या यंत्राचे, ९ मेगाहर्ट्झचे चार तुकडे करून ते तासांवर विकतात. ९ मेगाहर्ट्झच्या तुकड्यात सहसा ७.२ मेगासिम्बॉलचा सिम्बॉल रेट (सेकंदाला जाणाऱ्या सांकेतिक चिन्हांची संख्या) बसतो. बुकिंगच्या कागदावर डाउनलिंक फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन (लहरींची दिशा, जशी उभी की आडवी), सिम्बॉल रेट, मॉड्युलेशन (माहिती लहरीवर बसवायची पद्धत), एफईसी (चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती) आणि बिसची किल्ली (सिग्नल उलगडायचा गुप्त क्रमांक) असते. सिग्नल लॉक होत नसेल तर आधी पोलरायझेशन बघा, मग रोल-ऑफ (सिग्नलच्या कडांचा उतार). लॉक झाला पण पडदा काळा असेल तर किल्ली. बिसची किल्ली बारा अंकाक्षरांची असते आणि फोनवर सांगताना बी आणि डी, किंवा आठ आणि ए हमखास अदलाबदल होतात, म्हणून ती लेखीच मागवायची. केयू बँड नावाच्या उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीपट्ट्याला मुसळधार पाऊस सोसत नाही. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल काही मिनिटं बुडतो. त्या वेळा आधी काढता येतात, त्यामुळे तेव्हा सामना असेल तर फायबर मुख्य ठेवायची.

उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येईपर्यंत सिग्नलला पाव सेकंद लागतो. एन्कोडर आणि डिकोडर त्यात आणखी भर घालतात. स्टुडिओतून विचारलेला प्रश्न मैदानावरच्या वार्ताहरापर्यंत जाऊन उत्तर परत येईतो दीड-दोन सेकंद सहज जातात. मग दोघं एकदम बोलू लागतात, दोघं एकदम थांबतात. यावर यंत्राचा इलाज नाही, शिस्तीचा आहे. प्रश्न छोटा ठेवायचा, शेवटी वार्ताहराचं नाव घ्यायचं आणि नाव घेतल्यावर पुन्हा काहीही बोलायचं नाही. ‘बरोबर’, ‘हो हो’ हे सुद्धा नाही.

आवाजाकडे येऊ. वर्ल्ड फीडसोबत जो आवाज येतो त्याला इंटरनॅशनल साउंड म्हणतात. त्यात प्रेक्षक, चेंडूची लाथ, शिट्टी असते. कुणाचंही बोलणं नसतं. एका एसडीआय (प्रक्षेपणाच्या यंत्रांमधल्या केबलवरच्या डिजिटल व्हिडिओ) सिग्नलमध्ये आवाजाच्या १६ वाहिन्या मावतात आणि कुठल्या जोडीत काय आहे ते यजमानाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ पहिल्या जोडीत इंटरनॅशनल साउंड आणि दुसऱ्या जोडीत इंग्रजी मार्गदर्शक समालोचन. दुसरी जोडी चुकून उघडी राहिली की आपल्या समालोचकाच्या मागे एक इंग्रजी समालोचक बोलत राहतो, आणि हे आत कुणाच्या लक्षात यायच्या आधी समाजमाध्यमांवर येतं. दुसरा छुपा दोष फेजचा, म्हणजे ध्वनिलहरींच्या चढउताराच्या मेळाचा. डावी-उजवी वाहिनी एकमेकींच्या उलट फेजमध्ये आली तर नियंत्रण कक्षातल्या स्टीरिओ स्पीकरवर आवाज फक्त थोडा पसरट वाटतो. पण घरच्या एका स्पीकरच्या फोनवर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि स्टेडियम ओस पडल्यासारखं वाटतं. म्हणून लाइन-अपच्या, म्हणजे सामन्याआधीच्या सिग्नल-तपासणीच्या वेळी मोनोचं (दोन्ही वाहिन्या एकत्र करणारं) बटण दाबून ऐकणं सक्तीचं.

टोनची, म्हणजे चाचणीच्या एकसुरी आवाजाची पातळी जुळवणं किरकोळ वाटतं, पण त्यातही खाच आहे. युरोपीय पद्धतीत लाइन-अप टोन उणे १८ डीबीएफएसवर (डिजिटल कमाल पातळीपासून मोजलेले डेसिबल) असतो, अमेरिकी पद्धतीत उणे २०. कुणी काय पाठवलंय ते न विचारता टोन ‘जुळवून’ टाकला तर सामनाभर २ डीबीचा फरक राहतो. कार्यक्रमाची सरासरी पातळी युरोपात उणे २३ एलयूएफएस आणि अमेरिकेत उणे २४ एलकेएफएस धरतात (दोन्ही कानाला वाटणाऱ्या मोठेपणाच्या एकाच मापाची नावं). गर्दीचा आवाज समालोचनाच्या ६ ते १० डीबी खाली ठेवला तर बोलणं स्पष्ट राहतं आणि मैदानही जिवंत राहतं. गोल झाल्यावर मात्र गर्दीला वर येऊ द्यावं. तिथे लिमिटरने (आवाजाला कमाल मर्यादा घालणाऱ्या यंत्राने) गर्दी दाबून समालोचकाला पुढे आणणारे मिक्सर आम्हाला आवडत नाहीत. त्या दहा सेकंदांत समालोचकाने गप्प बसणंच उत्तम.

समालोचकाच्या टेबलावर दोन-तीन माणसांची जागा, मॉनिटर, आणि कमेंटरी युनिट नावाचा डबा असतो. डब्यावर ऑन-एअर बटण, खोकल्याचं बटण आणि नियंत्रण कक्षाशी बोलायचं बटण. खोकल्याचं बटण दाबून धरेपर्यंतच माइक बंद राहतो. ऑन-एअर बटण मात्र एकदा दाबलं की चालूच राहतं. कार्यक्रमात नको ते बोल ऐकू जातात ते बहुतेकदा या दोन बटणांच्या गोंधळातून. म्हणून प्रत्येक समालोचकाला ‘हेडसेट डोक्यावर आहे म्हणजे माइक चालू आहे’ एवढंच सांगायचं. बटणांचं तत्त्वज्ञान समजावत बसू नये.

हेडसेटमध्ये त्याला काय ऐकू येतं हा या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग. एका कानात स्टेडियमचा आवाज, दुसऱ्या कानात डायरेक्टरची सूचना, आणि स्टुडिओतल्या लोकांचं बोलणं. पण यात त्याचा स्वतःचा परत आलेला आवाज अजिबात नको. पाव सेकंद उशिराने स्वतःचंच बोलणं कानात पडलं तर माणूस अडखळायला लागतो, शब्द लांबवतो आणि शेवटी थांबतो. अनुभवी समालोचकही याला अपवाद नाहीत. म्हणून त्याला संपूर्ण कार्यक्रम वजा त्याचा स्वतःचा आवाज, असं मिश्रण पाठवतात. त्याला मिक्स-मायनस म्हणतात. तीन ठिकाणचे तीन वार्ताहर असतील तर तीन वेगवेगळी मिक्स-मायनस लागतात. दोघांना एकच दिलं की दोघेही बिघडतात. चाचणी स्टुडिओत बसून करता येत नाही. त्या जागेवर, त्याच हेडसेटमध्ये, माणसाला बोलायला लावून करायची.

पुढचा प्रश्न वेळेचा. समालोचन आयपी कोडेकने (इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून आवाज पाठवणाऱ्या यंत्राने) येतं तेव्हा ते शंभर-दोनशे मिलिसेकंदांत पोचतं. चित्र मात्र एन्कोडर आणि उपग्रहातून सेकंद-दीड सेकंदाने येतं. तसंच जोडलं तर पेनल्टी मारायच्या आधीच ‘गोल’ ऐकू येतो. युरोपीय प्रक्षेपण संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून जास्त पुढे नको आणि ६० हून जास्त मागे नको. मागे पडलेला आवाज माणसाला त्यातल्या त्यात सोसतो, कारण लांबचा आवाज उशिरा येणं ही रोजची गोष्ट आहे. पुढे धावलेला आवाज लगेच खुपतो. जुळवणी अशी करतो: मैदानावरच्या स्वतःच्या कॅमेऱ्यासमोर माणूस उभा करून समालोचनाच्या माइकजवळ टाळी वाजवायला लावतो, दोन्ही सिग्नल रेकॉर्ड करतो, फ्रेम मोजतो आणि तेवढा विलंब आवाजावर घालतो. ५० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद. ती जुळवणी त्या एका मार्गापुरतीच खरी असते. मध्येच मुख्य मार्ग सोडून राखीव मार्गावर गेलं तर विलंबही बदलावा लागतो. त्यामुळे दोन्ही मार्गांचे आकडे यंत्राजवळ कागदावर लिहून चिकटवलेले असावेत.

समालोचक मैदानावर न जाता स्टुडिओतून बोलत असेल तर उलटीच भानगड. ऑलिंपिकमध्ये निकालांचा डेटा समालोचकाच्या पडद्यावर फार झटकन येतो, त्याच्यासमोरच्या चित्राच्याही आधी. शंभर मीटरची शर्यत पडद्यावर ऐंशीव्या मीटरला असताना बाजूला विजेत्याची वेळ झळकलेली असते. ती न बघता बोलणं कुणालाच जमत नाही. यावर डेटालाही तेवढाच विलंब घालणं, किंवा ते जमत नसेल तर शर्यत संपेपर्यंत तो पडदा झाकणं, हे दोनच उपाय आहेत.

चित्राच्या बाजूला त्रास देतात ते फ्रेम दर आणि रंग. जगाचा एक भाग सेकंदाला ५० चित्रांवर चालतो, दुसरा ५९.९४ वर. स्पर्धा ज्या दराने तयार झाली त्याच्या उलट दराच्या देशात ती दाखवायची तर कन्व्हर्टर नव्या फ्रेम अंदाजाने बनवतो. लहान, वेगवान वस्तूवर हा अंदाज चुकतो: टेबल टेनिसचा चेंडू मधेच नाहीसा होतो, पट्टीवर सरकणारी अक्षरं थरथरतात. कन्व्हर्टर एकदाच, साखळीत एकाच ठिकाणी असावा. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेलं) फीड साध्या एसडीआरमध्ये आणताना यजमान जो एलयूटी (रंग आणि उजेड बदलायचा तक्ता) सुचवतो तोच वापरायचा. एचएलजी या एचडीआरच्या प्रकारात संदर्भ पांढरा ७५ टक्क्यांवर असतो. तो १०० वर धरून रूपांतर केलं की सगळं मैदान मळकट होतं. स्वतःचा कॅमेरा आणि वर्ल्ड फीड वेगवेगळ्या एलयूटीतून गेले तर मुलाखतीतली जर्सी आणि सामन्यातली जर्सी दोन रंगांची दिसते.

सामन्याच्या दिवशी लाइन-अप ठरल्या वेळेला. कलर बार, त्यावर ठिकाणाचं नाव, एक किलोहर्ट्झचा टोन, डावी-उजवी ओळखण्यासाठी तुटणारा टोन, मग खरं चित्र. मुख्य मार्ग, राखीव मार्ग, उपग्रह अशा तिन्हींवर हेच. त्यानंतर यजमानाची मिनिटा-मिनिटाची क्रमपत्रिका समोर ठेवायची: संघ कधी बाहेर येणार, राष्ट्रगीतं कधी, नाणेफेक कधी. याशिवाय यजमान एक समन्वय सर्किट देतो. त्यावर इंग्रजीत सतत सूचना चालू असतात, आता रिप्ले येतोय, आता ग्राफिक येतंय, अमुक मिनिटांनी फीड संपेल. गंमत म्हणजे हे सर्किट पैसे मोजून घेऊनही अनेक जण आवाज कमी करून ठेवतात. आमच्याकडे ते एका माणसाच्या कानातच असतं, त्याला त्या वेळात दुसरं काम नसतं. जाहिरातीला कधी जायचं आणि कधी परतायचं हे ठरवायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही, कारण यजमानाच्या डायरेक्टरला तुमच्या जाहिराती माहीत नसतात आणि तो त्यांच्यासाठी थांबत नाही. क्रिकेटमध्ये तर दोन षटकांमधला वेळ इतका तोकडा की पहिला चेंडू बघायचा असेल तर जाहिरातीची लांबी आधीच बांधून घ्यावी लागते. ऑनलाइन प्रक्षेपणात जाहिरात घुसवणारी एससीटीई-३५ खूण किमान चार सेकंद आधी पाठवायची असते. त्याहून उशिरा पाठवली की फोनवर जाहिरात अर्धवट सुरू होते आणि परतताना चेंडू गेलेला असतो.

चित्र आपल्या हातात नाही, याची खरी जाणीव वाईट प्रसंगात होते. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला तेव्हा बराच वेळ मैदानावरचीच दृश्यं जात राहिली. बीबीसीने नंतर दिलगिरी व्यक्त केली आणि स्टेडियममधलं चित्रण यजमान म्हणून युएफाच्या ताब्यात असल्याचं सांगितलं. अशा वेळी हक्क घेतलेल्या वाहिनीकडे एकच उपाय असतो: फीड सोडणं. त्यासाठी चित्र बदलायच्या यंत्राच्या पुढच्या बटणावर कायम काहीतरी तयार हवं. आम्ही तिथे ब्यूटी कॅमेरा ठेवतो आणि त्याच्या पुढच्यावर स्टुडिओतला रुंद कॅमेरा, दिवे चालू ठेवून. सामना सुरू झाला म्हणून स्टुडिओचे दिवे मालवून चहाला जाण्याची पद्धत जुनी आहे आणि ती बंदच व्हायला हवी.

सगळ्या वाटा एका ठिकाणी बांधल्या तर काय होतं, याचं उदाहरण २५ जून २००८ चं. युरो स्पर्धेचा जर्मनी-तुर्कस्तान उपांत्य सामना बासेलला होता आणि आयबीसी व्हिएन्नाला. व्हिएन्नात वादळ झालं, आयबीसीची वीज गेली आणि बासेलला खेळ व्यवस्थित चालू असताना जगातल्या बहुतेक देशांचा पडदा काही मिनिटांसाठी रिकामा झाला. स्विस टेलिव्हिजनला मात्र मैदानातून थेट सिग्नल मिळत होता, म्हणून त्यांचं चित्र टिकलं. जर्मनीच्या झेडडीएफने पुढे तेच उचललं. तोवर त्यांच्या समालोचकाने फोनवरून रेडिओसारखं वर्णन चालू ठेवलं होतं. आमच्या यादीत साधा फोन अजूनही शेवटच्या ओळीत आहे तो यासाठी. समालोचकाच्या टेबलावर नियंत्रण कक्षाच्या ध्वनी मिक्सरला जोडलेला नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, आणि तो नंबर सामन्याआधी एकदा लावून बघितलेला असतो.

मैदानावरून निघालेलं चित्र ऑनलाइन बघणाऱ्याकडे सर्वांत शेवटी पोचतं. ऑनलाइन चित्र छोट्या तुकड्यांत कापून पाठवतात. सहा सेकंदांचे तुकडे, प्लेअरने सुरुवातीला साठवलेले तीन तुकडे, त्यात एन्कोडिंग आणि वितरण धरलं तर तीस सेकंदांचा उशीर सहज होतो. दरम्यान त्याच कंपनीच्या ॲपमधून गोलची सूचना फोनवर आलेली असते. विलंब कमी करायच्या पद्धती आहेत, पण साठवलेले तुकडे कमी केले की कमकुवत इंटरनेटवर चित्र अडकायला लागतं. सूचना अर्ध्या मिनिटाने उशिरा पाठवणं सोपं आहे, फुकट आहे, आणि तरी बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही.

सामना संपल्यावर मैदानाच्या कडेची मुलाखत साधारण दीड मिनिटाची, ठरलेल्या पडद्यासमोर, ठरलेल्या क्रमाने मिळते. इथे वेळेचा घोळ होतो तो बाद फेरीत. ९० मिनिटं, मध्यंतर, ३० मिनिटांचा जादा वेळ आणि पेनल्टी धरल्या तर सामना तीन तासांच्या जवळ जातो. उपग्रहाचं बुकिंग अडीच तासांचं असेल तर शूटआउटच्या मधोमध ते संपतं, आणि त्याच तुकड्यावर पुढचा ग्राहक वाट बघत असतो. बाद फेरीला मुलाखतीसकट साडेतीन तास घ्यायचे. न वापरलेल्या अर्ध्या तासाचे पैसे गेले तरी चालतील. अपलिंक (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणं) बंद करायला सांगण्याआधी राखीव मार्गावरही आता काही जात नाही ना हे विचारून घ्यायचं. सर्व्हरवरची रेकॉर्डिंग पुढच्या सामन्याने पुसली जाण्याआधी उतरवायची, आणि प्रत्येक सर्किट किती वाजता सुरू झालं, किती वाजता सुटलं ते त्याच रात्री लॉगमध्ये लिहायचं. बिल महिन्याभराने येतं आणि त्यात मिनिटं जवळपास नेहमीच जास्त लावलेली असतात.